तेल, मेण आणि तलवारीची जाळी

इतिहासाच्या पुस्तकात तलवार कोणी चालवली, कुठे चालवली, किती पडले, किती पळाले हे सगळे असते. लढाई संपल्यावर ती पुसली कोणी, हे मात्र नसते. तीसेक वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. सनावळ्या पाठ करून घेतल्या, तहाची कलमे लिहून घेतली. पण या बाबतीतला खरा प्रश्न मला विचारला तो सातवीतल्या एका मुलाने. त्याचे वडील होडीवर जाणारे. धडा चालला होता आरमाराचा. तो उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, पावसात त्यांच्या तलवारींवर गंज नाय चडायचा?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न अस्सल नाट्याचा होता. आमचे गाव समुद्राला आणि जैतापूरच्या खाडीला चिकटून आहे. इथे लोखंडाचे आयुष्य किती हे ज्याने त्याने स्वतःच्या घरात पाहिलेले असते. खिडकीचे गज, सायकलची साखळी, विळीचे पाते, दाराची कडी... खारा वारा कोणालाच सोडत नाही. त्यात जूनपासून पाऊस. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते, चामड्याचा पट्टा पांढरा होतो. अशा ठिकाणी यशवंतगड उभा होता, पलीकडे आंबोळगड होता, खाली विजयदुर्ग. तिथल्या शिबंदीकडे हत्यारे होती. मग ती चार महिने टिकवली कशी?

त्या मुलाला मी त्या दिवशी "तेल लावत असत" एवढेच सांगितले. उत्तर बरोबरच होते, पण त्यामागे बरेच काही आहे. ते आता निवृत्तीनंतर सवडीने लिहितो आहे.

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. ते १७१५ च्या सुमाराचे, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठी लिहिलेले. त्यातला आरमाराचा भाग आणि रयतेची झाडे तिच्या राजीखुशीशिवाय तोडू नयेत हा भाग नेहमी सांगितला जातो. परंतु दुर्गांच्या प्रकरणात एक साधी, घरगुती म्हणावी अशी सूचना आहे. पावसाळ्यात तोफांना आणि दरवाजांना तेल व मेण द्यावे, तोफांचे कान मेणाने बुजवावेत आणि तोफेपुरते छप्पर वर घालावे, म्हणजे त्या वाया जाणार नाहीत, असे अमात्य सांगतात. दारूगोळ्याबद्दलही तसेच. दारूखाना राहत्या घराजवळ नसावा. आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढावेत, उन्हे द्यावीत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत.

हे वाचताना मला आमच्या आईची आठवण होते. पापड, कुरडया, सुकी मासळी हे सगळे ती असेच उन्हात काढायची, हात लावून पाहायची आणि पुन्हा डब्यात भरायची. राज्य चालवणाऱ्या माणसाला हे लिहावेसे वाटले, यातच त्याचा अनुभव दिसतो. लढाईच्या दिवशी तोफ उडाली नाही तर त्याचे कारण बहुधा चार महिन्यांपूर्वीच्या एखाद्या आळशी सकाळी असते. आणि मोहोर करण्याचे काम हवालदाराला स्वतः येऊन करायला सांगितले आहे, हेही लक्षात घेण्यासारखे. हाताखालच्या माणसावर सोपवून मोकळे व्हायचे नाही.

आता खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शस्त्रांची पूजा करायची ही आपली रीत. आज कोणी कोयता पुजतो, कोणी मोटारसायकल, कोणी संगणक. मराठ्यांच्या काळातल्या दिनक्रमात ही तिथी कुठे येते ते पाहा. पावसाळ्यात नद्या फुगलेल्या, वाटा बुजलेल्या, घोड्यांना चिखल. माणसे शेतीला घरी गेलेली. मोहिमा बंद. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा पुन्हा बाहेर पडायच्या. म्हणजे चार महिने खुंटीवर किंवा माळ्यावर असलेले प्रत्येक हत्यार नवमीला खाली उतरणार, म्यानातून बाहेर येणार, पुसले जाणार आणि सगळ्यांच्या समोर पाटावर मांडले जाणार. ज्याच्या पात्यावर गंज असेल त्याची लाज चारचौघांत दिसणार. मला वाटते, फुले आणि हळदकुंकू वाहण्याआधी जे पुसणे-घासणे होते, तीच या पूजेची मुख्य गोष्ट असावी. देवाच्या नावाने केलेली ती तपासणीच म्हणा ना! आपल्या पूर्वजांनी अशी कितीतरी कामे सणांना बांधून ठेवली, कारण नुसते "वेळेवर करा" म्हटले तर कोणी करत नाही, हे त्यांना ठाऊक होते. शिक्षक म्हणून मीही ते चांगलेच जाणतो.

हे पुसण्या-घासण्याचे काम करणारी एक स्वतंत्र जमात होती. शिकलगार. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे हे आडनाव आजही भरपूर आहे. मूळ शब्द अरबी-फारसीतला. सैकल म्हणजे जिल्हई, चकाकी. ती देणारा तो सैकलगर, आपला शिकलगार. पात्यावरचा गंज काढणे, खाच पडली असेल तर ती घासून काढणे, धार देणे, चकाकी आणणे हा त्यांचा धंदा. लोहाराने पाते एकदा घडवले की त्याचे काम संपले. शिकलगाराचे काम मात्र ते पाते असेपर्यंत संपत नसे. पण बखरीत त्यांचे नाव शोधा, सापडायचे नाही.

सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी हत्यारे काढून घ्यायला सुरुवात केली आणि १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचे नाही. आपण शाळेत हा कायदा राष्ट्रीय अपमान म्हणून शिकवतो आणि तो होताच. पण कायद्याचा घाव आणखी एका ठिकाणी बसला. ज्यांचे पोट तलवारीला चकाकी देण्यावर होते, ते सुऱ्या-कात्र्यांकडे वळले. आमच्या लहानपणी खांद्यावर चाकाचे यंत्र घेऊन "धारवालाऽऽ" अशी हाळी देत फिरणारे लोक यायचे. पायाने चाक फिरवायचे, ठिणग्या उडायच्या आणि आम्ही पोरे भोवती जमायचो. त्यांच्यापैकी एखाद्याच्या पणजोबाने कुठल्या सरदाराच्या फिरंगीवर हात फिरवला असेल हे तेव्हा कोणाच्या मनातही येत नसे.

फिरंग म्हणजे युरोपात घडलेल्या पात्याची तलवार. पाते परदेशी, मूठ आपल्या पद्धतीची. आमच्या राजापुरात इंग्रजांची वखार १६४९ ची, आणि शिवाजी महाराजांनी राजापुरावर छापा घातला तो १६६१ साली. त्या काळी या किनाऱ्यावर परदेशी माल उतरत होता. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार विकत घेऊन परत आणली, तीही अशीच. पाते युरोपीय घडणीचे आणि त्यावर सोन्याच्या अक्षरांत सेनासाहेबसुभा रघोजी भोसल्यांचे नाव. ती परत आली याचा सर्वांना आनंद झाला, मलाही झाला. पण वर्तमानपत्रातले छायाचित्र पाहताना माझे लक्ष पात्याकडे गेले. दोनशेच्या वर वर्षांचे पाते अजून पाते म्हणून उभे आहे. म्हणजे या सगळ्या वर्षांत, नागपुरात असो की विलायतेत, कोणीतरी ते पुसत आले आहे.

सोन्याची अक्षरे असलेल्या तलवारी टिकतात. ज्या साधनांवर तलवार शिकली जाते ती टिकत नाहीत, ही या लेखातली माझी मुख्य खंत.

आपल्याकडे तलवारीचा हात बसवण्यासाठी फरी-गदका होता. गदका म्हणजे कातड्याने मढवलेली काठी. फरी म्हणजे कातड्याची लहान ढाल. वस्ताद आधी गदका हातात देत, मग पुढे तलवार, पट्टा. भाल्यासाठी बोथाटी होती. लांब काठी, टोकाला लाकडी गोळा, त्यावर कापड गुंडाळलेले. ते कापड रंगात भिजवायचे, म्हणजे कोणाला कुठे लागले याची खूण अंगावर उमटते. वाद नको! पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतीराव फुल्यांनी दांडपट्ट्याचे शिक्षण घेतले, हे तुम्हाला माहीत आहेच. कोल्हापूरला मर्दानी खेळांची परंपरा अजून चालू आहे आणि तिथल्या मुली दांडपट्टा फिरवताना पाहिल्या की ऊर भरून येतो.

पण गदका किती दिवस टिकणार? त्याच्यावर रोज घाव पडतात. कातडे घामाने भिजते, कडक होते, शिवण उसवते. कातड्याला वेळोवेळी तेल पाजावे लागते. वहाणांना पाजतो तसेच. आमच्याकडे करंजाचे कडू तेल त्यासाठी बरे समजत, कारण त्याला उंदीर आणि कीड लागत नाही. पावसाळ्यात चामड्याची वस्तू चुलीवरच्या माळ्यावर ठेवत, धूर लागेल अशी. मृदंगाची निगा जे राखतात त्यांना हे सांगायला नको. तालीम चालू असते तोवर हे सगळे आपोआप होते, कारण उद्या सकाळी तीच वस्तू हातात घ्यायची असते. तालीम बंद पडली की एका पावसाळ्यात बुरशी, दुसऱ्यात कसर, तिसऱ्यात ती वस्तू चुलीत जाते. तिच्यावर सोने नाही, कोणाचे नाव नाही, कोण जपणार?

बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. फरी-गदका, पट्टा, बोथाटी या विद्या त्यांनी चित्रांसह नोंदवून ठेवल्या. त्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत. कागदावर हात कसा फिरवायचा ते राहिले. पण कातडे किती दिवसांनी तेलावायचे हे शिकायला वस्तादाच्या पडवीतच बसावे लागते.

योगायोग पाहा. १९३६ सालीच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुले बर्लिनला गेली आणि ऑलिंपिकच्या निमित्ताने त्यांनी देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखवली. त्याच बर्लिन ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीच्या एपी या प्रकारात विजेच्या यंत्राने गुण मोजण्याची पद्धत आली. टोक लागले की दिवा लागतो. आपल्या बोथाटीचा रंग आणि त्यांचा दिवा, दोन्हींचा उद्देश एकच. फरक एवढाच की त्यांच्या मागे नियम, संघटना आणि कारखाने उभे राहिले, तर आपली बोथाटी भिंतीला टेकून राहिली.

ही तलवारबाजी आता आमच्या घरातही आली आहे. माझी नात पुण्याला असते आणि शाळेत सेबर खेळते. गेल्या गणपतीत ती नाट्याला आली ती भलीमोठी बॅग घेऊन. पोहोचल्या पोहोचल्या तिच्या आजीने नाकाला पदर लावला आणि हुकूम सोडला, "ती बॅग आधी पडवीत ठेव!" आदल्या दिवशीचा घाम, वर सहा-सात तासांचा प्रवास आणि बाहेर श्रावण-भाद्रपदाची हवा. बॅग उघडली तर जाळीच्या मुखवट्याच्या कडेला तांबूस ठिपके दिसू लागले होते.

मग आम्ही आजोबा-नात पडवीत बसलो. त्या निमित्ताने मी जे शिकलो ते इथे लिहून ठेवतो. नातेवाइकांपैकी ज्यांची मुले हा खेळ खेळतात त्यांना उपयोगी पडेल.

मुखवटा कधीही बॅगेत ओला ठेवायचा नाही, हा पहिला नियम. खेळून आले की बाहेर काढायचा आणि वाऱ्यावर, सावलीत, उपडा ठेवायचा. आतले अस्तर निघत असेल तर काढून कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवायचे. निघत नसेल तर मऊ ब्रशने पाणी-साबण लावून पुसून घ्यायचे. जाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने हलक्या हाताने घासायची, मग कोरड्या फडक्याने टिपायची. सेबरच्या मुखवट्यातून वीज वाहावी लागते, म्हणून त्याच्या जाळीला तेल फासायचे नाही. इथे माझे सगळे कोकणी शहाणपण बाजूला ठेवावे लागले! मी खोबरेलाची वाटी घेऊन बसलो होतो, ती नातीने हळूच बाजूला सरकवली. पात्याला मात्र चालते. पात्यावरचा गंज बारीक पॉलिश कागदाने काढायचा आणि वरून तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुसून घ्यायचे.

धातूच्या धाग्यांनी विणलेले जाकीट असते, त्याला लामे म्हणतात. घामातले मीठ त्या धाग्यांना खाते आणि मग त्या जागी टोक लागले तरी दिवा लागत नाही. ते गार पाण्यात बुडवून धुवायचे, पिळायचे नाही, चुरगाळायचे नाही. पांढऱ्या पोशाखाला ब्लीच लावायचे नाही. पांढरेशुभ्र दिसेल, पण आतल्या मजबूत धाग्यांची ताकद जाईल. आपल्या बायकांना हे पटवणे कठीण आहे. आमच्या घरी तर फारच कठीण गेले.

हे सगळे कशासाठी? दुर्गंधी जावी म्हणून तर आहेच, पण तेवढ्यासाठी नाही.

चेहऱ्यापुढे तारेची जाळी लावण्याचे श्रेय फ्रान्समधल्या ला बोएसिएर या तलवारगुरूला देतात. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. त्याआधी सरावात डोळे जात. आपल्या फरी-गदक्यात चेहऱ्यापुढे जाळी नव्हती. जी काय राखण होती ती फरीची, वस्तादाच्या नजरेची आणि कातड्याच्या मऊपणाची. जाळी आली आणि खेळाडू निर्धास्त झाले. मग १९८२ साली रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव्ह या सोव्हिएत खेळाडूचा अपघात झाला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये फॉइल प्रकारात सुवर्णपदक मिळवलेला हा माणूस. प्रतिस्पर्ध्याचे पाते मोडले आणि मोडके टोक जाळीतून आत, डोळ्यावाटे मेंदूत गेले. काही दिवसांनी तो वारला. त्यानंतर पात्यांसाठी वेगळे, सहजासहजी न तडकणारे पोलाद आले, पोशाख आणि मुखवटे जास्त मजबूत झाले. स्पर्धेआधी मुखवट्याच्या जाळीवर १२ किलो दाबाने टोचा दाबून पाहतात. जाळी वाकली, फाकली की तो मुखवटा बाद.

गंज लागलेली जाळी दिसायला जाळीच असते. लांबून पाहणाऱ्याला, छायाचित्र काढणाऱ्याला, बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्याला फरक कळत नाही. फरक कळतो तो फक्त पाते मोडण्याच्या एका क्षणी, आणि तो कळतो आत असलेल्या मुलाला. एका शाळेत (नाव सांगत नाही) मी असे मुखवटे पाहिले आहेत. अनुदानातून आले, उद्घाटन झाले, फोटो निघाला, आणि मग ते लोखंडी कपाटात दोन पावसाळे राहिले. कपाट उघडले तेव्हा शिक्षक म्हणाले, "पुसून घेतले की होतील." मी तिथे पाहुणा होतो, तरी बोललो. जाळीच्या तारा कडेला खाऊन गेल्या होत्या. अंगठ्याने दाबल्यावर त्या हलल्या. ते मुखवटे मुलांच्या तोंडावर चढले नाहीत, एवढे समाधान त्या दिवशी घेऊन आलो.

भवानी देवी ही चेन्नईची मुलगी २०२१ साली टोकियोला ऑलिंपिकमध्ये सेबर खेळली. भारताची ऑलिंपिकमधली पहिली तलवारबाज. पहिला सामना तिने १५-३ असा जिंकला. सुरुवातीला ती सरावाला बांबूच्या काठ्या वापरायची, कारण खरी पाती महाग, मोडली तर दुसरी आणायची कुठून? हे वाचल्यावर मला गदका आठवला. गरिबीत शिकणारा माणूस साधनाची किंमत जाणतो. मिळालेली वस्तू जपायला तिला कोणी शिकवावे लागले नसेल.

आज आपल्या राज्यातही बरीच मुले हा खेळ खेळतात. छत्रपती संभाजीनगरला तर क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात त्याचे प्रशिक्षण मिळते. पदके येतील, नावे छापून येतील. पण कोणी संस्था या खेळाचे साहित्य घेणार असेल, तर माझी एक सूचना आहे. साहित्याच्या यादीत एक सावलीतली दोरी, चार ब्रश आणि एक वही धरा. वहीत दर पंधरवड्याला जाळी कोणी पाहिली त्याची सही घ्या. अमात्यांच्या हवालदाराचेच काम आहे हे, फक्त दारूऐवजी मुखवटे.

आणि नातेवाईक मंडळींना एक विनंती. आपल्यापैकी कोणाच्या घरी, माळ्यावर किंवा गोठ्याच्या आढ्याला, जुनी कातडी काठी, फुटकी फरी, कोणाचा तरी पट्टा पडून असेल. तो साफ करताना फेकू नका. त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे घरात कोणी ऐंशी-नव्वदीचे माणूस असेल आणि त्याने तालीम पाहिली असेल, तर त्याला एवढेच विचारा की तेल कोणते लावत, किती दिवसांनी लावत आणि पावसात ठेवत कुठे. पराक्रमाच्या गोष्टी ती माणसे आपणहून सांगतील. ही मात्र विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, कारण ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असे त्यांना वाटतच नाही. उत्तर मिळाले की लिहून ठेवा, तारीख घाला, आणि जमल्यास मलाही कळवा.